लांब जायचं झालं तर?

पुण्यात कुठल्याही वस्तूबद्दल पहिली चौकशी किमतीची होते आणि दुसरी ‘एवढ्याला कशाला घेतली?’ ही. विजेवरची गाडी तेवढी अपवाद. ‘इलेक्ट्रिक घ्यावी म्हणतोय’ असं नुसतं म्हणायचा अवकाश, समोरचा मान तिरकी करतो, डोळे बारीक करतो आणि अगदी मर्मावर बोट ठेवल्याच्या थाटात विचारतो, ‘‘पण लांब जायचं झालं तर?’’

मला हा प्रश्न सोसायटीच्या चेअरमननी विचारला, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारला, इस्त्रीवाल्याने विचारला. दंतवैद्याने तर दाढ काढता काढता विचारला, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये अशी वेळ साधून.

गंमत अशी, की विचारणाऱ्यांपैकी कोणीच लांब जात नाही. चेअरमनांच्या मते लांब म्हणजे लडाख. त्यांची स्वतःची गाडी कित्येक वर्षं कव्हराखाली आहे. कव्हर दोनदा बदललं, टायर एकदाही नाही. शिर्डीला जायचं झालं की ते ट्रॅव्हल्सने जातात, कारण ‘‘आपली गाडी कशाला झिजवायची?’’ इस्त्रीवाल्याचं गाव जौनपूरकडे. तो तिथे रेल्वेने जातो आणि माझं तिथे काही काम निघण्याची शक्यता नाही, तरी पुणे ते जौनपूर वाटेत चार्जर किती, याचा हिशेब त्याला माझ्याकडून हवा होता.

मी तरी वेगळा कुठे आहे? निवृत्तीनंतर माझी गाडी कोथरूडातून निघते ती मंडई, डेक्कन, फार तर हडपसरला बहिणीकडे, आणि दिवेलागणीला परत. वर्षाचं रनिंग पाच हजार किलोमीटर. पण आमच्या माळ्यावर पन्नास माणसांच्या आमटीचं एक पातेलं आहे, ते घरात आल्यापासून कधी खाली उतरलेलं नाही, आणि ते विकू या म्हटलं की घरात सुतकी शांतता पसरते. ‘उद्या पन्नास माणसं आली तर?’ मराठी माणूस गाडीही याच हिशेबाने घेतो. रोज तिच्यात एकटा बसतो, पण विकत घेताना पाठीमागे सासू, सासरे, दोन वहिन्या आणि आंब्याच्या पेट्या बसलेल्या त्याला दिसत असतात.

माझा विचार २०२०च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा सुरू झाला. तो पक्का होत आला, तेवढ्यात मेहुणा म्हणाला, ‘‘भाऊजी, जरा थांबा. बॅटऱ्या स्वस्त होणारेत.’’ थांबलो. २०२२मध्ये टियागो विजेवर आली, २०२३मध्ये एमजीची ती काडेपेटीएवढी कॉमेट आली, २०२४मध्ये विंडसर आली. प्रत्येक नवी गाडी आली की माझा विचार पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसे. विंडसरच्या वेळी तर कंपनीने बॅटरी भाड्याने द्यायची टूम काढली. गाडी आपली, बॅटरी त्यांची, किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडं. भाडेकरू घरात शिरला की काय होतं याची पुण्यातल्या घरमालकांना पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती, आणि इथे आपल्याच गाडीत आपणच भाडं भरत बसायचं. मी ते ब्रोशर मिटून ठेवलं. त्याच वर्षाच्या शेवटी महिंद्रांनी अशा दोन गाड्या दाखवल्या, की त्या बघून मेहुणा स्वतःच थांबला. तो अजून थांबलेलाच आहे.

आता रेंजबद्दल. एकदा चार्ज केली की गाडी किती किलोमीटर जाते, तो आकडा ब्रोशरमध्ये सगळ्यात मोठ्या टायपात असतो. हा आकडा जिथून येतो त्यांतलं एक मोठं ठिकाण आमच्या घरामागेच आहे. वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, म्हणजे एआरएआय. या संस्थेने गाड्यांसाठी काय केलं ते कोथरूडकरांना फारसं ठाऊक नाही; टेकडीला मात्र आम्ही संस्थेचं नाव देऊन टाकलंय. सकाळी तिथे फिरायला जाणारी मंडळी ‘‘एआरएआयवाल्यांनी पाचशे सांगितलंय म्हणजे समज साडेतीनशे’’ असं त्यांच्याच भिंतीलगत, श्वास लागलेला असताना म्हणतात.

यात त्या संस्थेचा दोष नाही. चाचणी बंद खोलीत होते. गाडी रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात, ठरलेल्या वेळापत्रकाने वेग कमी-जास्त होतो, एसी बंद असतो, समोरून रिक्षा आडवी येत नाही. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजायचं तर दुसरं काय करणार? आता टाटांनी आणखी एक आकडा छापायला सुरुवात केली आहे, सी-७५. शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना खरोखर एवढी रेंज मिळेल, असा त्याचा अर्थ. हा प्रामाणिकपणा मला आवडला. फक्त आयुष्यात आजवर जिथे जिथे पंचाहत्तर आणि पंचवीस अशी विभागणी झाली तिथे मी कुठल्या बाजूला निघालो, ते मला माहीत आहे.

मला राहून राहून नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. डेक्कन क्वीन १ जून १९३०ला सुरू झाली. तेव्हापासून ती विजेवर खंडाळ्याचा घाट चढते. तिच्यात बसून आमच्या तीन पिढ्या मुंबईला नोकऱ्या करून आल्या, ऑम्लेट खाऊन आल्या, पण ‘‘हिची रेंज किती?’’ असं कोणी गार्डला विचारलं नाही. तिला डोक्यावर तार आहे, हे मान्य. मग एसटीचं बघा. पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला, की नगरहून पुण्याला, धावली यावर अजून वाद घालता येतो. लाकडी बॉडी, वर कापडी छप्पर. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ला, त्याच रस्त्यावर महामंडळाने विजेवरची ‘शिवाई’ सोडली. पुढे ई-शिवनेरीही मुंबईच्या वाटेला लागली. तिच्यात बसणारा माणूस खिडकी कोणाची, एसी जास्त का, चिप्स कुठे मिळतील एवढंच विचारतो. उतरून स्वतःच्या गाडीचा विषय निघाला, की तोच माणूस मान तिरकी करतो.

शोरूममधला मुलगा फार गोड बोलणारा होता. त्याने पाणी दिलं, कॉफी दिली आणि विचारलं, ‘‘सर, रनिंग किती आहे?’’ मी पाच हजार म्हटल्यावर त्याने ‘‘महिन्याला?’’ असं आशेने विचारलं. ‘‘वर्षाला,’’ मी म्हटलं. कॉफीचा दुसरा कप आला नाही.

घरी येऊन मी एक्सेल उघडलं. पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलेलं, गाडी शहरात लिटरला पंधरा देते, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. विजेची गाडी युनिटमागे सात किलोमीटर जाईल असं धरलं आणि युनिट दहा-साडेदहा रुपयांना धरलं, तर किलोमीटरला दीड रुपया. वाचले साडेपाच. हे साडेपाच रुपये मी पिवळ्या रंगाने रंगवले. मग खाली किमतीतला फरक मांडला. तशीच पेट्रोलची गाडी साडेतीन लाखांनी स्वस्त पडत होती. साडेतीन लाखांना साडेपाचने भागलं. त्रेसष्ट हजार सहाशे छत्तीस किलोमीटर. पाच हजारांनी भागलं. पावणेतेरा वर्षं.

म्हणजे मी आज गाडी घेतली तर वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला पहिला रुपया सुटणार. बॅटरीच्या वॉरंटीचं त्याहून कठीण. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. आधी काय होईल याची चिंताच नको, कारण माझ्या रनिंगने तेवढे किलोमीटर व्हायला बत्तीस वर्षं लागतील, आणि वॉरंटी त्याच्या कितीतरी आधी, एकोणसत्तराव्या वर्षी, पहिला रुपया सुटायच्याही आत संपलेली असेल.

शिवाय हिशेब स्थिर राहील तर ना. विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी २०१९च्या ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तो चांगला कॉलम होता. २०२५च्या सप्टेंबरमध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८चा १८ केला आणि माझा फरकाचा कॉलम आणखी फुगला. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकरात सूट होती, कलम ८० ईईबी. ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. ती तारीख मी विचार करत असताना निघून गेली. २०२५च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के कर लावायचं ठरलं. त्या दिवसांत मी टेकडीवर या अन्यायाविरुद्ध इतक्या तावातावाने बोललो, की लोक मला तीस लाखांची गाडी घेणारा समजू लागले. पुढे सरकारने तो कर मागे घेतला. माझा त्यात कितपत हात होता ते सांगता येणार नाही, पण टेकडीवर माझा मान वाढला.

त्याच वर्षी राज्याचं नवं ईव्ही धोरण आलं आणि त्यात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धी या तिन्हींवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी निघाली. एक्सप्रेसवेचा कारचा टोल एका बाजूला ३२० रुपये. फुकट म्हटल्यावर मी लगेच नवा कॉलम घातला. पण टोल वाचवायचा तर मुंबईला जायला हवं, आणि मुंबईला आमचं कोणी उरलेलं नाही. ते सगळे पुण्यात राहायला आले.

मी मोठ्याने वाचत होतो ते आमची ही मटार सोलता सोलता ऐकत होती. ‘‘म्हणजे,’’ ती म्हणाली, ‘‘ही गाडी परवडायची तर आपल्याला खूप फिरावं लागेल?’’

‘‘हो ना! तेच तर...’’

‘‘मग घ्या की,’’ ती म्हणाली आणि मटार सोलण्याचा वेग वाढला. आम्ही एकाच आकड्याकडे बघत होतो आणि मला तो खर्च दिसत होता.

यानंतर सोसायटी. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत माझा विषय पाण्याच्या टाकीची सफाई आणि कबुतरांची जाळी यांच्या मधोमध होता. ‘पार्किंगमध्ये स्वखर्चाने चार्जिंग पॉइंट बसवण्यास ना हरकत.’ मी ‘स्वखर्चाने’ या शब्दावर विसंबून होतो. पुण्यातल्या सोसायटीत स्वखर्चाने काहीही करायला मिळतं असा माझा समज.

खजिनदार म्हणाले, वीज कोणाच्या मीटरवर? मी सांगितलं, गाडीसाठी वेगळं कनेक्शन घेणार. घरच्याच मीटरवर गाडी लावली तर युनिटं तीनशेच्या, पाचशेच्या स्लॅबपलीकडे जाऊन वरची वीज चढ्या दराने पडते; वेगळ्या मीटरला चार्जिंगचा वेगळा दर. यावर ते म्हणाले, मीटर रूममध्ये तर जागा नाही. मीटर रूममध्ये जागा नाही हे खरं, कारण तिथे गणपतीचं मखर, दोन सायकली आणि खजिनदारांचाच जुना फ्रिज आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्यांनी फोन वर धरला. २०२२च्या मार्चमध्ये पुण्यातच एक इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्याकडेला पेटली होती, तिचा व्हिडिओ. तो त्यांनी ग्रुपवर तेव्हाच टाकला होता, अधूनमधून टाकत आले होते आणि सभेत पुन्हा टाकला. एकदम पंचवीस फोन वाजले. पार्किंगच्या वरच्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आजींनी विचारलं, ‘‘गाडी लावल्यावर माझा मिक्सर मंद तर नाही होणार?’’ मी म्हटलं, ‘‘आजी, साधा चार्जर तीन किलोवॉटचा असतो. तुमच्या बाथरूममधल्या गीझरएवढाच.’’ आजी म्हणाल्या, ‘‘गीझर मी रात्रभर चालू ठेवत नाही हो.’’ सभेत हशा झाला. ज्या मुद्द्यावर हशा होतो तो सोसायटीत सिद्ध झाल्यासारखा असतो.

मग सगळ्यांत मागे बसलेले एक गृहस्थ, जे एरवी चहा आल्यावरच डोळे उघडतात, ते म्हणाले, ‘‘आणि गुरुवारचं काय?’’

एकदम शांतता. पुण्यात वीजवाल्यांची देखभालीची कामं निघतात ती गुरुवारी. गुरुवारी लाइट जायची हे इथलं पंचांग आहे. बुधवारी रात्री चार्ज करून ठेवायची, असं मी म्हणत होतो, पण माझं कोणी ऐकत नव्हतं. शेवटी चेअरमननी विषय आवरता घेतला. तिघांची अभ्यास समिती नेमली. तिच्यात मला घेतलं नाही, कारण माझा हितसंबंध होता. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं आलं. मी विरोध केला होता, पण विरोध मोजण्याआधी वडापाव आले.

समितीचा अभ्यास चालू असताना साडूने गाडी घेतली. सरळ. विचार न करता. पांढऱ्या अक्षरांची हिरवी नंबरप्लेट लावून तो पेढे घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘मे महिन्यात गावाला जाऊ या हिच्यातूनच.’’ साडू या नात्यात एक अवघडपण असतंच. दोन जावयांना एकाच सासऱ्याने मापलेलं असतं, आणि त्या मापाचं पुढे कोणी काही बोलत नाही. मी हो म्हटलं. वाटलं, लांब जायचं झालं तर काय होतं ते दुसऱ्याच्या गाडीत कळलेलं बरं.

आमचं मूळ घर गुहागरच्या बाजूला. साताऱ्यावरून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा रस्ता धरला. हायवेवर एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. ॲपमध्ये तो चालू दिसत होता, वॉचमन म्हणाला बंद आहे. साडूने ॲप दाखवलं. वॉचमनने मशिन दाखवलं. पुढच्या ठिकाणचा चार्जर चालू होता, पण त्याच्यासमोर एक डिझेलची गाडी सावलीसाठी लावलेली होती आणि तिचे मालक आत थाळी जेवत होते. तिसरा मिळाला. त्याला वेगळं ॲप. नाव, नंबर, ओटीपी, पाकिटात आधी पैसे भरा. साडूच्या फोनमध्ये अशी ॲपं रांगेने आहेत आणि प्रत्येकात चाळीस-पन्नास रुपये अडकून पडलेत. पूर्वी माणसं गावोगाव जमिनीचे तुकडे सोडून येत तशी त्याची इस्टेट महाराष्ट्रभर विखुरलेली आहे.

कुंभार्ली घाट उतरताना मात्र साडूच्या चेहऱ्यावर तेज आलं. ‘‘पडद्याकडे बघा,’’ तो म्हणाला. गाडी उताराला लागली की मोटर उलट जनित्रासारखी चालते आणि बॅटरी भरू लागते. खाली पोचेपर्यंत दोन-तीन टक्के वाढली. फुकट मिळालेल्या टक्क्यांचा आनंद काय वर्णावा! साडू म्हणाला, ‘‘आणखी एखादा घाट असता तर...’’ मागून माझी मेहुणी म्हणाली, ‘‘आहे ना. परत जाताना हाच.’’ त्यावर तो गप्प झाला. दीड टनाची गाडी पाचशे मीटर वर चढवायची म्हणजे शाळेतल्या सूत्राने दोन युनिटं जातातच. निसर्ग एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने व्याजासकट घेतो.

या घाटाच्या पायथ्याला पोफळी. तिथल्या डोंगराच्या पोटात कोयनेची वीज तयार होते. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. त्या डोंगराला वळसा घालून आम्ही गावी पोचलो तेव्हा गाडीत अठरा टक्के शिल्लक होते. साडूने सोबतचा चार्जर पडवीतल्या पॉवर पॉइंटला लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला. लाल दिवा.

गावचा वायरमन आला. त्याने टेस्टर लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘‘अर्थिंग नाही.’’ काका म्हणाले, ‘‘नाही कसं? वडिलांनी वायरिंग केलं तेव्हा केलेलं आहे.’’ वायरमन म्हणाला, ‘‘वायर आहे हो. अर्थिंग नाही.’’ फ्रिज, पंखे, टीव्ही हे सगळे भोळे. अर्थिंग असो-नसो, चालतात. गाडीचा चार्जर मात्र आधी जमीन तपासतो, पटली तरच वीज घेतो. आणि आमची जमीन म्हणजे जांभा दगड, त्यात मे महिना, सगळं कोरडं ठणठणीत. वीज जमिनीत उतरायला ओल लागते. मग खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरायचं ठरलं. कोळसा शेजारच्या आळीतून आला. मीठ काकूंच्या लोणच्याच्या वाट्याचं गेलं. वर पाणी ओतायला वायरमनने सांगितलं, ‘‘चांगल्या आठ-दहा बादल्या.’’

मे महिन्यात कोकणातल्या विहिरीची अवस्था ज्यांना माहीत आहे त्यांनी काकूंचा चेहरा डोळ्यासमोर आणावा. माडांना पाणी मोजून, आंघोळी मोजून, आणि पुण्याहून आलेला पाहुणा विहिरीचं पाणी शेंदून दगडात ओततोय. गडग्यावरून शेजाऱ्यांनी विचारलं, ‘‘काय हो, काय लावलंत?’’ काकू म्हणाल्या, ‘‘गाडी.’’

सातव्या-आठव्या बादलीला दिवा हिरवा झाला. पडवीत टाळ्या पडल्या. साडूने घाम पुसला. आणि लाइट गेली.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. रात्रभर उशाशी डोंगरात १,९६० मेगावॉट आणि आम्हाला तीन किलोवॉट मिळेनात! काका अंगणात खाटेवर पडून म्हणाले, ‘‘लांब आलात की असं व्हायचंच.’’ मी पुण्याला परतल्यावर हे सगळं एक्सेलमध्ये ‘धोके’ या नावाच्या नव्या शीटमध्ये नोंदवलं आणि रेंज हाच निकष धरायचा असं ठरवलं. जी सगळ्यात लांब जाईल ती. मध्ये थांबायचं कामच नको. सगळ्या गाड्या रेंजच्या उतरत्या क्रमाने लावल्या, वरच्या तीन हिरव्या केल्या, खालच्या लाल.

अशात एका शनिवारी आमची ही आणि तिची ताई, दोघीच, साडूची गाडी घेऊन कोल्हापूरला अंबाबाईला गेल्या. गाडी ताईने चालवली. पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. मी माझ्या काळात ते साडेतीन तासांत मारलेलं आहे, मध्ये एकदाही न थांबता, आणि ही गोष्ट मी अनोळखी लोकांनाही सांगतो. ‘आता एकदम कोल्हापूर’ हे माझं वाक्य घरात प्रसिद्ध आहे. साताऱ्याला कोणी ‘अहो, जरा...’ म्हणालं की मी कराडला थांबू म्हणायचो आणि कराडला, आता काय, आलंच.

रात्री दहाला ती परतली. मी दारातच विचारलं, ‘‘किती ठिकाणी अडकलात?’’

‘‘जाताना एकदा थांबलो, येताना एकदा,’’ ती म्हणाली. ‘‘पाऊण-पाऊण तास.’’

‘‘बघ! दीड तास फुकट.’’

‘‘अहो, फुकट कुठे? खुर्चीवर बसून चहा प्यायलो. गरम होता. मी आजवर या रस्त्यावर गरम चहा गाडीत मांडीवर सांडून घेतलाय, प्यायला कधी नव्हता. येताना साताऱ्यात कंदी पेढे घेतले. आपण इतक्या वेळा गेलो, मला सातारा फक्त पाटीवर माहीत होतं. तिथून अजिंक्यतारा दिसतो, ठाऊक आहे तुम्हाला?’’

मला ठाऊक होतं, पण मी तो उजवीकडच्या आरशात पाहिलेला होता.

‘‘आणि बाथरूमला जायचं म्हणून कोणाची मनधरणी करावी लागली नाही,’’ ती पर्स ठेवत म्हणाली. ‘‘गाडीलाच थांबायचं होतं. ताई म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा प्रवासात तिचं डोकं दुखलं नाही.’’

मी विषय बदलावा म्हणून लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. म्हटलं, ‘‘हे बघ, हिरव्या तीन. ही तर न थांबता कोल्हापूर गाठून वर पन्हाळा करील.’’

तिने चष्मा लावला. माझी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. ‘‘या लाल कशाला केल्यात?’’

‘‘कमी रेंजच्या. त्यांना सारखं थांबावं लागतं.’’

तिने काही न बोलता रेंजच्या कॉलमवर क्लिक केलं आणि यादी उलटी लावली. लाल होत्या त्या सगळ्या वर आल्या. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘‘ही. लाखभर स्वस्तही आहे,’’ आणि तिच्यात मोरपिशी रंग येतो का, ते विचारायला तिने ताईला फोन लावला.